शॉक म्हणजे करंट नव्हे

नमस्कार श्रोतेहो.

मी भूलतज्ज्ञ. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पेशंटला झोपवणारा आणि काम झालं की आठवणीनं उठवणारा. पेढे सर्जनला मिळतात, फोटो सर्जनबरोबर निघतात. आम्ही कोण होतो, हे पेशंटला घरी गेल्यावर बिलात कळतं. असो. आज तो विषय नाही. आज बोलायचंय लहान मुलांच्या किडनीतल्या खड्यांबद्दल, आणि चिरफाड न करता बाहेरूनच ते खडे फोडतात त्या उपचाराबद्दल.

सगळ्यात आधी एक गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं ऐकताना भीती वाटणार नाही. शॉक म्हणजे करंट नव्हे. ‘शॉक देऊन खडा फोडू’ असं डॉक्टर म्हणाले की इथं विजेचा काही संबंध नसतो. पुन्हा सांगतो, करंट नव्हे.

हे आधी सांगायचं असतं, ते मला एका आजीनं शिकवलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, घरात तेलुगू, दारात मराठी. आजी विड्या वळायच्या, आजोबांची चाळीस वर्षं यंत्रमागावर गेलेली. नातू सात वर्षांचा. पोट दुखतं म्हणायचा. आधी जंत म्हणून औषध झालं, मग शाळा बुडवायचं निमित्त म्हणून दोन धपाटे झाले. एक दिवस लघवी लाल झाली तेव्हा सोनोग्राफी केली. उजव्या किडनीत अकरा मिलिमीटरचा खडा.

सर्जननी शॉकचं नाव काढलं आणि आजी पोराला कडेवर घेऊन थेट दाराकडे निघाल्या. “एवढ्याशा लेकराला करंट देता? माणसं हाईत का कोण?” त्यांच्या शेजारचा एकजण मागाच्या मोटारीला चिकटला होता, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांचं काय चुकलं?

सर्जननी हात जोडून माझ्याकडं पाहिलं. मी आजोबांना विचारलं, लहानपणी विहिरीत पोहलात ना? पाण्याखाली बुडी मारली आणि दुसऱ्यानं पाण्यातच दगडावर दगड आपटला, तर कसं ऐकू येतं? ते म्हणाले, “कानात खण्णकन.” झालं तर मग. तो जो दणका पाण्यातनं आला, तसाच हा दणका. आपल्या अंगात बहुतेक पाणीच. दणका मांसातनं सहज जातो, कडक खड्यावर मात्र अडतो आणि तिथं फोडाफोड करतो. मशीन एवढंच करतं की चहूबाजूंनी दणके गोळा करून नेमके खड्यावर आणतं.

हा शोध जर्मनीतला. विमानं बनवणारी डॉर्नियर कंपनी वेगानं उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले की आतल्या धातूचं काय होतं, ते तपासत होती. त्यातून हे निघालं. ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये डॉक्टर ख्रिश्चन शॉसी यांनी माणसाच्या किडनीतला खडा पहिल्यांदा असा फोडला. तेव्हा पेशंटला पाण्याच्या टबात बसवत. आता जेल लावलेली पाण्याची उशी पाठीला टेकवली की भागतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत मुलांवरही हे सुरू झालं.

आजोबा राजी झाले. आजी नाहीत, पण गप्प बसल्या.

मोठ्या माणसाला वेदनेचं औषध देऊन हे करता येतं. मूल हलतं. ते हललं की खडा नेमातनं सुटतो, म्हणून त्याला पूर्ण भूल. आणि भूल म्हटलं की पोट रिकामं. दूध म्हणजे पाणी नव्हे, श्रोतेहो. दूध म्हणजे जेवण. सहा तास आधी बंद. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगेल, त्यालाच विचारा. लपूनछपून बिस्किट देऊ नका, ते आम्हाला फार उशिरा आणि फार वाईट रीतीनं कळतं.

पोराला झोपवलं. पाठीवर फुप्फुसाच्या बाजूला फोमचा तुकडा लावला, कारण मुलांची फुप्फुसं किडनीच्या अगदी जवळ असतात आणि हवा भरलेल्या फोममधून दणका पुढं जात नाही. मशीन सुरू झालं. टक. टक. टक. सेकंदाला एक.

दार थोडं उघडं होतं. आजोबा बाहेर बसून आवाज मोजत होते. चाळीस वर्षांची सवय. थोड्या वेळानं त्यांनी नर्सला आत पाठवलं, “डॉक्टरांना विचार, एकूण किती ठोके?” दोन हजारांच्या आसपास, मी सांगितलं. निरोप परत आला, “माझा माग मिनिटाला एकशेवीस मारतो. सतरा मिनिटांत झालं असतं. इतकं हळू का करलालाव?”

प्रश्न अस्सल होता. बाहेर आल्यावर मी उत्तर दिलं. प्रत्येक दणक्याबरोबर खड्याभोवती बारीक बुडबुडे उठतात. ते विरायच्या आत दुसरा दणका मारला तर तो बुडबुड्यांतच जिरतो, खड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून हळू. आणि सुरुवातीला जोरही कमी ठेवायचा, म्हणजे किडनीला इजा कमी. आजोबा मान डोलावून म्हणाले, “माग पळवला की सूत तुटतं. इथं हळू मारलं की दगड तुटतो. चालतंय.”

खडा फुटला म्हणजे काम झालं असं नाही. हे पुन्हा सांगतो, खडा फुटला म्हणजे काम झालं असं नाही. फुटलेले कण बाहेर यायला हवेत. मुलांची मूत्रवाहिनी आखूड आणि लवचीक, त्यामुळे मोठ्यांपेक्षा त्यांचे कण बरे सुटतात. दोन-तीन दिवस लघवी लालसर, पाठीवर निळसर डाग, एवढं चालतं. थंडी वाजून ताप आला, उलट्या थांबेनात, लघवी अडली, तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

आणि लघवी गाळायची. कण तपासले की खडा कशाचा ते कळतं. आई टॉवेल घेऊन निघाली, सोलापूरच ते. आजोबा ओरडले, “टॉवेलच्या लूपात खडा गेला तर जन्मात सापडायचा नाही. मलमल घे, मलमल!” इतका अचूक सल्ला मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही.

आठवड्यानं आजी स्वतः आल्या. कमरेची पिशवी सोडली, छोटी डबी काढली, विजयी मुद्रेनं माझ्यापुढं ठेवली. आत पाच-सहा कण. आणि डबी कसली? चुन्याची! कडेला पांढरा चुना तसाच. आता चुना म्हणजे कॅल्शियम, आणि आम्ही शोधतोय तेही कॅल्शियमच. प्रयोगशाळेतला मुलगा म्हणाला, सर, हे तपासलं तर आजीचं पान सापडेल. मग दुसऱ्या खेपेला औषधाची धुतलेली बाटली आली.

निर्मातेबाई काचेतून बोटं दाखवतायत, म्हणून बाकीचं पटापट. खडा साधारण दोन सेंटिमीटरच्या आतला असेल तर हा उपाय चांगला. त्याहून मोठ्या खड्याला दुर्बिणीचं ऑपरेशन. काही खडे फार चिवट, दोन-तीनदा बसावं लागतं. रक्त न गोठण्याचा आजार असेल, जंतुसंसर्ग असेल, किंवा खाली वाट अडलेली असेल तर आधी ते निस्तरायचं. हुलग्याचं माडगं हिवाळ्यात झकास, पण अकरा मिलिमीटरचा खडा त्यानं विरघळत नाही. दूध-दही तोडू नका, त्यातलं कॅल्शियम शेंगांतलं ऑक्झलेट, म्हणजे खडे बनवणारा पदार्थ, आतड्यातच धरून ठेवतं. म्हणून शेंगाचटणी दह्याबरोबर खा. मीठ मात्र कमी. बोअरच्या पाण्याला सगळे शिव्या देतात. माझं म्हणणं, पाणी जड असण्यापेक्षा ते पोटात कमी जाणं वाईट, आणि मे महिन्यातल्या चव्वेचाळीस डिग्रीत तर फारच वाईट. मुली शाळेत पाणी पीत नाहीत, कारण तिथल्या संडासात पाऊल ठेववत नाही. आपण शाळेला कमानी बांधतो, रंगीत फरशा बसवतो. असो, वेळ नाही.

तो पोरगा महिन्यानं तपासणीला आला. सोनोग्राफी स्वच्छ. खुर्चीवर चढून बसला आणि म्हणाला, “माझे खडे द्या. वर्गात दाखवायचेत.” आता ते तपासायला भरडून पूड केलेले, द्यायचे कुठून? सांगितलं तसा हमसून हमसून रडला. भुलीच्या सुईला इतका रडला नव्हता. शेवटी आजोबांनी माझ्या टेबलावरची मलमची रिकामी डबी उचलली, बाहेर जाऊन अंगणातले दोन खडे टाकून आणले, आणि डोळ्यानं मला खुणावलं, बोलू नका.