अकराची पेज

(दृश्य : फोंडा तालुक्यातले कुळागर. पोफळींतून उतरलेले ऊन. चुलीजवळ पेजेचे भांडे.)

सकाळचे अकरा वाजत आले, की गोव्यातल्या जुन्या घरांत अजूनही पेज निवत ठेवतात. उकड्या तांदळाची, सोबत लोणच्याची फोड नाहीतर कालची आटवलेली आमटी.

या घरातल्या आजींनी ती सोडली होती. मधुमेह निघाला, भात कमी करा असे सांगितले गेले, आणि आजींनी पेजेवरच काट मारली. गोळी मात्र सकाळी न चुकता. मग पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, अर्ध्या पोईवर (कोंड्याच्या पावावर) थेट दीड वाजेपर्यंत.

(दृश्य : ओसरीवर अबोलीची फुले, अर्धवट वळेसर, म्हणजे गजरा.)

इथेच बसल्या होत्या. दोरा बोटांत ठरेना. कपाळावर दरदरून घाम, छातीत धडधड. सुनेने विचारले एक, उत्तर आले भलतेच. रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर आकडा : ५८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर).

७० च्या खाली गेली, की साखर उतरली म्हणायची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे पाहत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. दोष पेजेचा नव्हता, उपाशी पोटाचा होता.

सुनेने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासले, मग खायला दिले. अशा वेळी नेवरी (करंजी) किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नये, १०८ ला फोन करावा.

(दृश्य : संध्याकाळ. काजूची बाग.)

फेणीबद्दल बोललेच पाहिजे. यकृत दारू निस्तरण्यात गुंतते, साखर सोडायचे काम मागे पडते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याने रिकाम्या पोटी घेतली, तर पहाटे साखर उतरू शकते. बरळणे, तोल जाणे ही लक्षणे नशेसारखीच, म्हणून घरचे म्हणतात, झोपू दे. सगळ्यात जास्त भीती याचीच.

(दृश्य : पुन्हा स्वयंपाकघर.)

"आई, पेज निवली हां!"

आता आजींची एक वाटी ठरलेली आहे, बाजूला मुगागाठी. येत्या एकादशीला गोळीचे काय करायचे, हे त्या डॉक्टरांना आधीच विचारून आल्या आहेत. सुनेने ते कालनिर्णयावर, त्याच तारखेच्या चौकटीत लिहून ठेवले आहे.