पणतीच्या ज्योतीला टोक कोण देतं?

त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे कोल्हापुरात पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात, आपण सगळे जातो, फोटो काढतो, पण त्या ज्योतीला तो टोकदार आकार कुठनं येतो हे कुणी विचारत नाही. तो येतो पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातनं आणि भोवतालच्या हवेच्या दाबातनं, आणि आज मला या दोघांबद्दलच बोलायचंय.

बघा, पणती, मेणबत्ती, रॉकेलची चिमणी, या सगळ्या डिफ्यूजन फ्लेम. इंधनाची वाफ आतनं येते, ऑक्सिजन बाहेरनं येतो आणि दोघं जिथं नेमक्या प्रमाणात भेटतात तिथंच जळतं. गॅस शेगडीत थोडी हवा आधीच मिसळलेली असते, म्हणून ती निळी. पणतीच्या आत मात्र ऑक्सिजन पोचत नाही, इंधन नुसतं तापून फुटतं, काजळीचे बारीक कण होतात आणि ते तापून पिवळे चमकतात. म्हणजे घाटावर जो उजेड पडतो तो काजळीचा असतो ओ!

आता गुरुत्वाकर्षण. गरम वायू हलका, तो वर पळतो, खालनं ताजी हवा ओढली जाते, ज्योत ताणली जाऊन टोकदार होते. ही ओढ काढून घेतली तर काय? 1992 मध्ये स्पेस शटलमध्ये आणि पुढं 1996 मध्ये रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर मेणबत्त्या लावून बघितल्या, ज्योत गोल, बारीक, फिकट निळी झाली, कारण ऑक्सिजन आता फक्त हळूहळू झिरपत येतो. तरी मीरवर काही ज्योती पाऊण तासापर्यंत टिकल्या, मला हे फार भारी वाटतं.

आणि दाबाची गंमत तर याहून मोठी आहे. हवेची वर जायची ओढ किती जोरकस हे जो आकडा सांगतो तो गुरुत्वाकर्षणाच्या पटीत वाढतो, पण दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे दाब निम्मा केला की ज्योतीच्या दृष्टीनं गुरुत्वाकर्षण चौथा हिस्सा झाल्यासारखंच. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, दाब मालवणपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी, त्याचा वर्ग काढला तर इथल्या पणतीची ओढ मालवणच्या पणतीपेक्षा साधारण 12 टक्के कमी भरते. डोळ्यांना नाही दिसणार, पण हिशोब तोच.

उंच गेलं की मात्र दिसतं. 1859 मध्ये फ्रँकलंड आणि टिंडल हे दोघं शास्त्रज्ञ मेणबत्त्या घेऊन आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताच्या शिखरावर गेले, 4800 मीटरवर, रात्रभर तिथं राहिले. खाली पायथ्याच्या शामोनी गावात जेवढं मेण जळलं जवळजवळ तेवढंच वर पण जळलं, पण उजेड एकदम मंद! दाब कमी झाला की वायू एकमेकांत लवकर मिसळतात, काजळी कमी धरते, आणि काजळी नाही तर पिवळा उजेड कुठनं येणार. उलट दाब वाढवला की ज्योत बारीक होत जाते आणि काजळी झपाट्यानं वाढते, डिझेल इंजिनवाल्यांना हा त्रास चांगलाच माहितीय.

पण दाब आणि गुरुत्वाकर्षण सगळ्याच बाबतीत एकमेकांची जागा घेत नाहीत हे नीट ध्यानात घ्या, कारण दाबानं ज्योतीतल्या रासायनिक क्रिया पण बदलतात, गुरुत्वाकर्षणानं नाही. चंद्रावरच्या केबिनसाठी नासानं जी हवा विचारात घेतलीय तिचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 56 टक्के, ऑक्सिजन मात्र 34 टक्के. आता गुणा, चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहावा हिस्सा, त्याला दाबाचा वर्ग, ओढ पृथ्वीच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास येते. ऐकायला सुरक्षित वाटतं, पण एवढ्या ऑक्सिजनमध्ये आग भराभर पसरते, आणि मंद वारा असला की काही पदार्थ पृथ्वीपेक्षा कमी ऑक्सिजनमध्येसुद्धा जळत राहतात. अंतराळ स्थानकात तर धूर छताकडं जातच नाही, म्हणून तिथले स्मोक डिटेक्टर हवा खेळवणाऱ्या नळांत बसवलेत, आणि आग लागली की पहिल्यांदा पंखे बंद करायचे, म्हणजे ज्वाळेला नवी हवा मिळत नाही.