थकलेला पगार आणि पटनीचं चर्च

इंग्लंडचा इतिहास म्हटला की आपल्याला एकतर आठवा हेन्री आणि त्याच्या सहा बायका आठवतात नाहीतर थेट ईस्ट इंडिया कंपनी, मधलं सगळं शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. आज मी त्या मधल्या काळातला एकच प्रसंग घेतलाय आणि तो सुरू होतो थकलेल्या पगारापासून. ज्यांचा पगार कधी ना कधी तुंबलाय त्यांना ही गोष्ट पटकन कळेल.

तर 1642 मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. कारणं पुष्कळ, कर कोणी बसवायचे, धर्म कसा पाळायचा, राजाने पार्लमेंट न बोलावता 11 वर्षं कारभार केला तो राग, ते सगळं सांगत बसलो तर इथेच रात्र होईल. आपल्या कामाचं एवढंच की 1645 मध्ये पार्लमेंटने नवीन फौज उभी केली, न्यू मॉडेल आर्मी, कागदावर 22 हजार माणसं. पायदळातल्या शिपायाला दिवसाला 8 पेनी, म्हणजे साधारण शेतमजुराचा रोज तेवढाच. घोडेस्वाराला 2 शिलिंग, पण त्यातच घोड्याचा दाणा-वैरण आलं. याच फौजेने त्या जूनमध्ये नेसबीला राजाचा धुव्वा उडवला आणि वर्षभरात युद्ध आटोपलं.

युद्ध संपल्यावर फौजेचं काय करायचं? पार्लमेंटचं उत्तर सरळ होतं, थोडे आयर्लंडला पाठवा, बाकीच्यांना घरी. आणि बाकी पगार? 1647 च्या वसंतात पायदळाचा 18 आठवड्यांचा आणि घोडदळाचा 43 आठवड्यांचा पगार थकलेला होता. हिशोब करून बघा. 12 पेनीचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड. पायदळातल्या एका माणसाचे 84 शिलिंग होतात, स्वाराचे 30 पौंडांच्या वर. हा 84 चा आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. पार्लमेंट आधी म्हणालं 6 आठवड्यांचा देतो, मग म्हणालं बरं 8 घ्या. तोवर शिपाई गावोगावी लोकांच्या घरात राहून, त्यांच्याकडेच जेवून, पैशांऐवजी चिठ्ठी देऊन दिवस काढत होते, त्यामुळे गावकरी वैतागलेले. आणि युद्धात हुकमावरून कोणाचा घोडा ओढून आणला असेल तर आता तो मालक कोर्टात चोरीचा खटला टाकत होता.

शिपायांनी अर्ज लिहिला. अगदी नम्र अर्ज होता हो, राजकारणाचा शब्द नाही, पगार द्या, खटल्यांपासून वाचवा, विधवांचं काहीतरी बघा. यावर पार्लमेंटने ठराव केला की असे अर्ज करणारे राज्याचे शत्रू आहेत. इथे सगळं फिरलं. ज्यांच्यासाठी लढलो तेच आपल्याला शत्रू म्हणतात म्हटल्यावर एकेका रेजिमेंटने आपले प्रतिनिधी निवडले, त्यांना ॲजिटेटर म्हणत. तेव्हा त्या शब्दाला आंदोलकाचा वास नव्हता, दुसऱ्याच्या वतीने बोलणारा एवढाच अर्थ, पेशवाईत वकील म्हणत तसा.

जूनमध्ये जॉईस नावाचा एक कॉर्नेट, म्हणजे घोडदळातला कनिष्ठ अधिकारी, पूर्वी शिंपीकाम केलेला माणूस, काहीशे स्वार घेऊन हॉल्डनबीला गेला जिथे पार्लमेंटने राजाला ठेवलं होतं. सकाळी राजा बाहेर आला आणि विचारलं, मला घेऊन जायचा हुकूम कोणाचा? जॉईस आधी इकडचं तिकडचं बोलला, मग मागे उभ्या स्वारांकडे बोट दाखवलं. राजा हसला आणि म्हणाला, इतका सुवाच्य हुकूम मी पाहिलेला नाही. चार्ल्सबद्दल मला फारसं प्रेम नाही पण हे उत्तर मात्र झकास.

राजा हातात, फौज लंडनच्या दाराशी, आणि ऑक्टोबरात मुक्काम पडला थेम्सकाठच्या पटनी गावात. इथे 28 ऑक्टोबर 1647 ला सेंट मेरी चर्चमध्ये बैठक भरली. सरसेनापती फेअरफॅक्स आजारी म्हणून त्याच्या हाताखालचा सेनानी क्रॉमवेल अध्यक्ष, एका बाजूला मोठे अधिकारी, समोर निवडून आलेले शिपाई आणि लंडनची लेव्हलर मंडळी, म्हणजे सामान्य लोकांसाठी समान राजकीय हक्क मागणारा गट. टेबलावर एक कागद, ॲग्रीमेंट ऑफ द पीपल. त्यात म्हटलं होतं की दर दोन वर्षांनी पार्लमेंट निवडा, मतदारसंघ लोकसंख्येप्रमाणे आखा, कोणाला जबरदस्तीने फौजेत ओढू नका, धर्म ज्याचा त्याला. ही मागणी कोणी करावी तर पगार मागायला आलेल्या लोकांनी! सहा महिन्यांत अर्ज कुठून कुठे गेला बघा. (आपल्याकडे तेव्हा शिवाजीराजे 17 वर्षांचे होते, काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं, तुलना करत नाहीये.)

हे सगळं आपल्याला कळतं ते विल्यम क्लार्क नावाच्या चिटणीसामुळे. तो शॉर्टहँडमध्ये टिपत बसला होता. नंतर त्याने ते उतरवून काढलं, मुलाकडून कागद ऑक्सफर्डच्या वुस्टर कॉलेजात गेले आणि तिथे पडून राहिले, छापून आले थेट 1891 मध्ये. क्लार्कला सगळ्यांची नावं ठाऊक नव्हती, म्हणून एका शिपायाचं नाव त्याने नुसतं बफकोट लिहिलंय, म्हणजे चामड्याचा कोट घातलेला तो, आणि दुसरा एक बेडफर्डशायरचा माणूस. मला हे दोन उल्लेख फार आवडतात, नावगाव माहीत नाही पण बोलणं शब्दाशब्दाने उतरलंय.

खरी खडाजंगी झाली दुसऱ्या दिवशी, मत कोणाला यावर. कर्नल रेनबरो म्हणाला, इंग्लंडातल्या गरिबातल्या गरिबालाही थोरातल्या थोरासारखंच एक आयुष्य जगायचं असतं, म्हणून ज्याला सरकारखाली राहायचंय त्याने आधी स्वतःच्या संमतीने त्या सरकारखाली जायला हवं. क्रॉमवेलचा जावई आयर्टन, वकिलीचं शिक्षण घेतलेला, तो म्हणाला की या राज्यात ज्याचा कायमचा, पक्का हितसंबंध आहे त्यालाच मत. 1430 पासून नियम असा की वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या हक्काची जमीन असली तर परगण्यात मत. आता तो 84 चा आकडा आठवा. सरकारकडे ज्याचे 84 शिलिंग अडकलेत त्याला सांगायचं की तुझा या राज्यात हितसंबंध नाही.

सेक्स्बी नावाच्या स्वाराने हेच ठणकावलं. आम्ही जीव धोक्यात घातला तो जन्मसिद्ध हक्क परत मिळवायला, हक्क नसेल तर आम्ही नुसते भाडोत्रीच झालो की. आयर्टनला लोक नंतर खलनायक करतात, मला ते पटत नाही, कारण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. निव्वळ माणूस म्हणून मत मिळणार असेल तर बिनजमिनीचे लोक बहुमताने मालमत्ताच मोडीत काढतील, त्यांना काय म्हणून अडवायचं? रेनबरोकडे याचं पक्कं उत्तर नव्हतं. त्याने उलट विचारलं, मग शिपाई इतके दिवस लढला कशासाठी, श्रीमंतांच्या हाती सत्ता देऊन स्वतः गुलाम व्हायला? आणि लेव्हलरही वाटतात तितके उदार नव्हते, त्यांच्यातला पेटी म्हणाला की नोकर आणि भिक्षेवर जगणारे वगळू, कारण ते मालकाच्या धाकात असतात. बायकांचा तर विषयच निघाला नाही. 1649 मध्ये लेव्हलर बायका स्वतः अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारात गेल्या तर त्यांना सांगितलं, घरी जा, घरकाम बघा.

क्रॉमवेलने 8 नोव्हेंबरला प्रतिनिधींना परत आपापल्या रेजिमेंटमध्ये पाठवलं. तीन दिवसांनी राजा हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातून, जिथे फौजेने त्याला ठेवलं होतं, पळाला, आणि 15 तारखेला वेअर गावाजवळ फौजेच्या मेळाव्याला काही शिपाई टोपीत तो ॲग्रीमेंटचा कागद खोचून आले, तेव्हा बंडखोर धरले, तिघांत चिठ्ठ्या टाकल्या आणि रिचर्ड आर्नल्ड नावाच्या शिपायाला तिथल्या तिथे गोळी घातली. राजाचं पुढे जानेवारी 1649 मध्ये डोकं उडवलं ते तुम्हाला माहीतच आहे.

एक आपल्याकडचं सांगून टाकतो, डिसेंबर 1683 मध्ये मुंबईच्या किल्ल्यात कंपनीने शिबंदीच्या पगाराला कात्री लावली म्हणून कॅप्टन केग्विनने बंड केलं आणि जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीकडे नव्हती. त्याने कारभार राजाच्या नावाने चालवला, म्हणजे पटनीच्या बरोब्बर उलट.

कोणीतरी मघाशी विचारलं, मग पगार मिळाला का? मे 1649 मध्ये आयर्लंडला जायला नकार देणाऱ्या शिपायांना क्रॉमवेलने बर्फर्डला रात्री गाठलं, तीनशेच्या वर माणसं चर्चमध्ये कोंडली, तिघांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या. आत कोंडलेल्या अँथनी सेडलीने बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या शिशावर आपलं नाव, साल आणि पुढे कैदी असं कोरलंय, इंग्रजी प्रिझनरमधला ओ गाळून, ते अजून आहे. आणि बाकीच्यांना पगाराऐवजी रोखे मिळाले, राजाच्या जप्त जमिनी विकून भागवू असे. शिपायाला जमीन नको होती, घरी जायला पैसे हवे होते, म्हणून त्याने तो रोखा पौंडामागे काही शिलिंगांत विकून टाकला. घेतला बहुतेक त्याच्याच अधिकाऱ्याने.