मिरची तोडण्याची वेळ

गच्चीवर मिरची लावणारी मंडळी मला सर्वांत जास्त वेळा विचारतात ते खताविषयी नव्हे, तर तोडणीविषयी: मिरची पिकली हे ओळखायचे कसे? यावर माझे म्हणणे असे की, तोडण्याजोगी मिरची आणि पिकलेली मिरची या दोन निरनिराळ्या अवस्था आहेत, आणि त्या मिरचीचा ठेचा करायचा, ती वाळवायची की बियाणे धरायचे, हे मनाशी ठरवल्याखेरीज या प्रश्नाला उत्तर नाही.

माझ्या हातात एकाच झाडाच्या दोन हिरव्या मिरच्या आहेत, लांबीला सारख्याच. ही पहिली चिमटीत धरली की दबते, आणि मोडली तर आत बी पांढरे, मऊ, चपटे दिसते; ही कोवळी. दुसरीची साल तुकतुकीत आणि ताठ आहे, ती कट्‌कन मोडते आणि तिच्या बिया पिवळसर, टणक आहेत, ही भरलेली. फळ धरल्यापासून साधारण महिना-सव्वा महिन्यात मिरची अशी भरते, आणि तिथून लाल व्हायला जात व हवामान यांनुसार आणखी दोन ते चार आठवडे लागतात. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते आणि फळ भरत जाते तसे साठत जाते. म्हणून कोवळ्या मिरच्यांचा ठेचा मिळमिळीत लागतो आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

टोमॅटो घरात ठेवून पिकतो, तशी मिरची पिकत नाही. गावाला जाण्यापूर्वी मी तीन हिरव्या ढोबळ्या मिरच्या तोडून केळ्यांसोबत कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. आठ दिवसांनी परतलो तेव्हा केळी काळी पडली होती आणि मिरच्या सुरकुतल्या होत्या, पण हिरव्याच. झाडावर निम्मा रंग फिरल्यावर तोडलेली मिरची मात्र घरातही उरलेला रंग धरते. वाळवणासाठी आणि बियाण्यासाठी यापुढेही थांबावे: पूर्ण लाल झालेल्या मिरचीची साल झाडावरच सैल पडून किंचित सुरकुतू द्यावी.

रंगाने फसूही नये. टोक काळे पडून मिरची वेळेआधीच लाल झाली असेल, तर ती पिकलेली नसून, पाणी कमी-जास्त पडल्याने फळाला कॅल्शियम पुरेसे पोहोचलेले नाही.

सगळ्याच मिरच्या लाल होण्याची वाट पाहत ठेवल्या, तर झाडाचा नवा फुलोरा मंदावतो. म्हणून मी एकच झाड लाल मिरचीसाठी राखतो आणि बाकीच्यांचा तोडा हिरवाच घेतो. तोडताना मिरची खाली न ओढता देठासकट वर उचलावी, ढोबळी असेल तर कात्रीच लावावी; हिसका दिला की ठिसूळ फांदी पुढच्या कळ्यांसकट हातात येते.