काळ्या रानाचा वाफसा, अंतराळातून

ही मराठवाड्यातली काळी जमीन, मे महिन्यातली. भेग बघा, हात सरळ आत जातोय. हीच माती पावसात फुगते, भेगा बुजतात आणि मग वाफसा यायची, म्हणजे औत चालेल इतकी माती सुकायची, वाट बघत बसायचं. त्याच शिवारात वरच्या अंगाला हे मुरमाड रान, इथं आज झोडपून पडला तरी लगेच औत चालतं. पाऊस दोन्हीकडं सारखाच.

मग कुठली माती किती पाणी धरते हे मोजायचं कसं? ही लॅबवाली पद्धत: लोखंडी रिंग ठोकायची, त्यातली माती वजन करायची, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला २४ तास ठेवायची, परत वजन. घटलं तेवढं त्या वेळी मातीत असलेलं पाणी. एकदम पक्कं काम, पण तालुक्याला किती रिंगा ठोकणार?

आता वर बघा. ही नासाच्या स्मॅप या उपग्रहाची ६ मीटरची जाळीदार अँटेना, २०१५ पासून ६८५ किलोमीटरवर गरगर फिरतीये. जमिनीतून सतत अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी निघत असतात, माती ओली झाली की त्या कमी होतात, ही अँटेना तेच पकडते. ढगांचा अडथळा नाही, म्हणजे ऐन पावसाळ्यातही चालतं. पण यातून कळते ती आजची ओल. माती पाणी किती धरते ते कळतं पाऊस थांबल्यावर, दर २-३ दिवसांनी तीच जागा परत बघून. आलेखावर काळ्या रानाच्या ओलीची रेघ सावकाश उतरते, मुरमाची धपकन.

अडचण अशी की स्मॅपच्या नकाशातला एक ठोकळा साधारण ४० किलोमीटरचा, त्यात काळं रान, मुरूम, तळं, गाव सगळं एकत्र. बारीक दिसावं म्हणून त्यावर रडारही होतं, ते पहिल्याच वर्षी बंद पडलं. आता हे निसार, रडारवाला उपग्रह. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडला, इस्रो आणि नासा मिळून. १२ मीटरची अँटेना, ओलीचा नकाशा २०० मीटरपर्यंत बारीक, पण तीच जागा त्याच कोनातून परत १२ दिवसांनी, तोवर मुरूम कधीच वाळलेला. त्यामुळं दोन्ही लागतात.

ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली की कुठल्या सोयाबीनला आधी पाणी द्यायचं, ते यावरून ठरवता येईल.

आणि हो, वरून दिसते ती वरच्या ५ सेंटिमीटरचीच ओल. खालचा अंदाज मॉडेल बांधतं, आणि तो जुळतो का बघायला ही माती तपासणारी पोरं अजून उन्हात खड्डे खणतायत.