पिशवीवरची चिठ्ठी

आवडत्या कादंबरीतली किंवा मालिकेतली पात्रे घेऊन चाहते ज्या नव्या कथा लिहितात, त्या फॅनफिक्शनविषयी बोलताना बहुतेक जण कथेबद्दल बोलतात. मला आज कथेच्या माथ्यावर लिहिलेल्या टॅगांबद्दल, म्हणजे आत काय आहे ते सांगणाऱ्या छोट्या चिठ्ठ्यांबद्दल बोलायचे आहे आणि उदाहरणादाखल मी अशा कथांचे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे एकच संकेतस्थळ घेते. २००७ साली लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेने चाहत्यांची अनेक पाने एका झटक्यात बंद केली. त्याच वर्षी चाहत्यांनी स्वतःची संस्था उभारली आणि २००९ मध्ये तिचे 'आर्काइव्ह' सर्वांसाठी खुले झाले. विषय आक्षेपार्ह वाटतो म्हणून कथा काढून टाकायची नाही, असे धोरण एकदा ठरवल्यावर वाचकाला आधी सावध करण्याची जबाबदारी साहजिकच लेखकावर येऊन पडते.

तिथे चारच गोष्टींचे इशारे सक्तीचे आहेत: हिंसेचे ठसठशीत चित्रण, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध. खरी गंमत पुढच्या दोन पर्यायांत आहे. 'यांपैकी कोणताही इशारा लागू नाही' हा एक, आणि 'लेखकाने इशारे न देण्याचे ठरवले आहे' हा दुसरा. नवखा वाचक दोन्हींचा अर्थ एकच लावतो आणि तिथेच फसतो, कारण पहिल्यात लेखक हमी देतो, तर दुसऱ्यात आत काहीही असू शकेल, तुमच्या जबाबदारीवर या, असे स्पष्ट सांगतो. मृत्यूचा इशारा दिला तर शेवट फुटतो, अशी तक्रार लेखक नेहमी करतात आणि ती खोटी नाही. पण नेमक्या त्याच अडचणीसाठी दुसरा पर्याय ठेवलेला असताना, पहिला निवडून शेवटच्या प्रकरणात नायकाला मारणे ही माझ्या मते सरळसरळ फसवणूक आहे.

बाकीचे बहुतेक टॅग ऐच्छिक आहेत, तरी त्यांनाही रीत आहे. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल तर प्रेमसंबंध, 'अँड'चे चिन्ह असेल तर मैत्री किंवा घरचे नाते. आणि जी जोडी कथेत एका ओळीपुरती डोकावते तिचा टॅग लावू नये, नाहीतर त्या जोडीसाठी आलेल्या वाचकाच्या वाट्याला नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा एवढेच येते. शब्द मात्र कसेही लिहा. समानार्थी टॅग एकमेकांना जोडण्याचे किचकट काम स्वयंसेवक बिनपगारी करत असतात.

शेवटी मेलेल्या कबुतराविषयी. एका अमेरिकन विनोदी मालिकेत फ्रिजमध्ये एक कागदी पिशवी सापडते. तिच्यावर 'मेलेले कबुतर, खाऊ नये' असे लिहिलेले असते, पात्र ती उघडते, आत मेलेले कबुतरच निघते आणि आपण दुसरी कसली अपेक्षा केली होती, असा प्रश्न त्याला स्वतःलाच पडतो. त्यावरून आलेल्या टॅगचा मूळ अर्थ, वर जे लिहिले आहे तेच आत आहे, नंतर कुरकुरू नका, असा होता. अलीकडे मात्र कोणत्याही भीषण कथेला तो एकटाच चिकटवला जातो, म्हणजे चिठ्ठीवर विश्वास ठेवा असे बजावणारी चिठ्ठी तेवढी उरते आणि आत काय आहे ते कुठेच लिहिलेले नसते.