डिलेटंट : बिरुदाचा टोमणा कसा झाला

थोडं चित्र काढतो, थोडी व्हायोलिन वाजवतो, इतिहासावर तासभर बोलतो, पण कशाचाच तळ गाठत नाही. अशा माणसाला इंग्रजीत 'डिलेटंट' म्हणतात. आपल्याकडे 'पल्लवग्राही' म्हणतात तसा. पण हा शब्द जन्मला तेव्हा त्यात टोमण्याचा लवलेशही नव्हता.

शब्द मूळचा इटालियन : दिलेत्तांते. अनेकवचन दिलेत्तांती. त्यामागचं क्रियापद 'दिलेत्तारे', म्हणजे आनंद देणं, रमवणं. ते आलं लॅटिनमधून, आणि इंग्रजीतला 'डिलाइट'ही त्याच कुळातला. तेव्हा दिलेत्तांते म्हणजे एखाद्या कलेत रमणारा, बस्स.

१६९४ साली व्हेनिसच्या तोमाझो अल्बिनोनीचं पहिलं संगीत छापलं गेलं. त्यावर त्यानं स्वतःला 'दिलेत्तांते' म्हणवून घेतलंय. वडिलांचा पत्ते बनवण्याचा धंदा होता, घरी ददात नव्हती. व्हायोलिनवर पोट भरायची गरज नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. हात कच्चा आहे, असं कोणी म्हटलंच नसतं.

मग लंडन, १७३४. इटलीची सफर करून आलेल्या उमरावांच्या पोरांनी 'सोसायटी ऑफ डिलेटांटी' काढली. जेवणावळी आणि मद्य यांची रेलचेल. १७४३ मध्ये होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं एका पत्रात चिमटा काढला : सभासदत्वाची नावापुरती अट म्हणजे इटली पाहिलेली असणं, आणि खरी अट म्हणजे झिंगलेलं असणं.

चिमटा झकास आहे, पण अर्धाच खरा. याच मंडळींनी जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट यांना सभासद करून घेतलं, पाठबळ दिलं. हे दोघे प्राचीन इमारतींची मोजमापं घ्यायला १७५१ मध्ये अथेन्सला पोचले. सोबत होती तीन फुटी पितळी पट्टी, जॉन बर्ड या नावाजलेल्या उपकरणकारानं बारकाईनं खुणा पाडून दिलेली. खांबाचा घेर, पायऱ्यांची उंची, कोरीव पट्ट्यांची रुंदी, सगळं फूट, इंच आणि इंचाच्या दशांशांत उतरवलं. त्यांच्या मागून आलेला फ्रेंच वास्तुशास्त्री ल रुआ तीन महिन्यांच्या आत आटोपून गेला आणि १७५८ मध्ये पुस्तक काढून मोकळा झाला. स्टुअर्ट-रेव्हेटच्या अथेन्सवरच्या पुस्तकाचा पहिला खंड आला १७६२ मध्ये, आणि त्यात ल रुआच्या चुका सविस्तर काढलेल्या. रीतसर शिकलेला होता ल रुआ; स्टुअर्टची सुरुवात पंखे रंगवण्यापासून झालेली!

रेंगाळण्याचा दोष मात्र स्टुअर्टला लागू होतो. अथेन्सचं प्रसिद्ध मंदिर पार्थेनॉन ज्यात आहे त्या दुसऱ्या खंडावर साल आहे १७८७. प्रत्यक्षात तो बाहेर पडला स्टुअर्ट १७८८ मध्ये वारल्यावर.

शतक संपता संपता शब्द घसरू लागला. १७९५ मध्ये पॅरिसमध्ये सरकारी संगीतशाळा निघाली; पद्धतशीर शिकलेले, त्यावरच जगणारे कलाकार वाढले, आणि हौशीपणा संशयास्पद ठरला. १७९९ मध्ये गटे आणि शिलर या जर्मन कवींनी हौशीपणाचा तक्ताच मांडला : काव्य, चित्र, नृत्य, बागकाम, प्रत्येकापुढे फायदा आणि तोटा. तो त्यांनी अर्धवटच सोडला, हे वेगळं सांगायला हवं.

खरा दणका बसला १८१६ मध्ये. ब्रिटिश राजदूत राहिलेल्या लॉर्ड एल्गिननं अथेन्सहून आणलेली प्राचीन शिल्पं घ्यायची का, यावर ब्रिटिश संसदेची समिती बसली. सोसायटीतले बडे जाणकार रिचर्ड पेन नाइट यांनी साक्ष दिली : शिल्पं दुसऱ्या दर्जाची, किंमत २५,००० पौंड. शिल्पकारांनी ती अव्वल ठरवली, आणि संसदेनं ३५,००० पौंड मोजले. चित्रकार बेंजामिन हेडन यांनी तर त्याच वर्षी लेख लिहून विचारलं : कलेत हात घालणाऱ्यांपेक्षा रसिक जाणकारांचं मत वरचढ का मानायचं?